बढती झाली, आता ग्रीन कार्डच्या फाइलचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एच-१बी किंवा एल-१ या कामाच्या व्हिसावर काम करताना कंपनीने ग्रीन कार्डची फाइल सुरू केली आणि ती अर्ध्यात असतानाच बढती आली, अशांसाठी ही उत्तरं आहेत. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या दोन वर्गांची रांग दहा वर्षांच्या पलीकडे गेली आहे. त्यामुळे एकाच फाइलच्या काळात दोन-तीन बढत्या होणं आता नेहमीचंच झालंय. नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारचे आहेत. एडिसनला जे लागू, तेच आयर्विंगला आणि फ्रीमॉन्टला.

बढती स्वीकारली की आधीची फाइल बाद होते का?

आपोआप होत नाही. कंपनीने भरलेली फाइल ही तुमच्या आजच्या नोकरीची नसते. ग्रीन कार्ड हातात आल्यावर जी नोकरी द्यायची आहे, तिची ती असते. आज तुम्ही मॅनेजर आहात आणि फाइल डेव्हलपरच्या जागेची आहे, एवढ्याने काही बिघडत नाही. ती जागा द्यायचा कंपनीचा आणि ती घ्यायचा तुमचा इरादा खरा असला पाहिजे, एवढीच अट.

अडचण येते ती इथेच. डायरेक्टर झालेला माणूस ग्रीन कार्ड आल्यावर पुन्हा डेव्हलपरच्या खुर्चीत बसेल, हे अधिकाऱ्याला पटेल का? एका पायरीची बढती असेल तर सहसा पटतं. तीन पायऱ्या चढल्यावर अवघड होतं. म्हणून पहिला प्रश्न ‘पद काय मिळालं’ हा नसतो. काम किती बदललं आणि फाइल कुठवर आली आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे.

फाइल कुठल्या टप्प्यावर असताना बढती सर्वांत जास्त नडते?

परम भरलं आहे पण आय-१४० अजून मंजूर नाही, तेव्हा. परम म्हणजे त्या जागेसाठी अमेरिकी उमेदवार मिळत नाही, असं अमेरिकेच्या श्रम खात्याकडून घ्यायचं प्रमाणपत्र. आय-१४० म्हणजे त्याच्या आधारावर कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, भरायचा अर्ज.

परमचा अर्ज श्रम खात्याकडे गेला की त्यात दुरुस्ती करता येत नाही. काम, पगार, शिक्षणाची अट, ठिकाण, यातलं काहीही बदलायचं तर नवा अर्ज. आणि जुन्या परमची तारीख, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी प्रायॉरिटी डेट, तुमच्या नावावर पक्की होते ती आय-१४० मंजूर झाल्यावरच. त्याआधी जुनं परम सोडून नवं सुरू केलं, तर मधली वर्षं पाण्यात. मंजूर झालेलं परमही फक्त १८० दिवस चालतं. त्या मुदतीत आय-१४० भरला नाही तर ते रद्दी.

म्हणून अनुभवी वकील एकच सांगतात: जुनी नोकरी देण्याचा प्रस्ताव अजून खरा असेल, तर आधी जुन्या परमवर आय-१४० मंजूर करून घ्या आणि मग नव्या पदासाठी हालचाल करा. प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये (जादा फी भरून झटपट निकाल) नेहमीच्या ईबी-२, ईबी-३ च्या आय-१४० वर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर येतं. बढतीचं पत्र तेवढे दिवस पुढे ढकलायला एचआर बहुधा तयार होतं. विचारायला संकोच करू नये.

परम भरायच्या आधीच बढती ठरली असेल तर प्रश्नच नाही. नव्या पदाचंच परम भरा. फक्त प्रचलित वेतनाचा अर्ज, म्हणजे ९१४१, जुन्या पदाचा गेला असेल तर तोही नव्याने करावा लागतो. २०२३ च्या जूनपासून लागू झालेल्या नव्या ९०८९ मध्ये, म्हणजे परमच्या फॉर्ममध्ये, कामाचं वर्णन थेट ९१४१ मधूनच घेतलं जातं.

काम ‘किती बदललं’ हे मोजतात कसं?

टक्क्यांनी. परमच्या नियमांत ‘बऱ्यापैकी सारखी नोकरी’ची व्याख्या अशी आहे: ज्या नोकरीत निम्म्याहून जास्त वेळ तीच कामं करावी लागतात, ती सारखी. ही व्याख्या आहे त्याच कंपनीतला अनुभव मोजण्यासाठी. पण नवं परम लागेल का, याचा अंदाज घ्यायलाही हीच फूटपट्टी कामी येते.

कागद घेऊन बसा. समजा, जुन्या पदावर कोड लिहिणं आणि तपासणं ७० टक्के, डिझाइन १५, प्रॉडक्शन सपोर्ट १० आणि उरलेले ५ टक्के बैठका. नव्या पदावर कोड तपासणं २०, डिझाइनचे रिव्ह्यू १५, टीमची भरती आणि मूल्यमापन ३०, बजेट आणि व्हेंडर २०, क्लायंटशी बोलणी १५. दोन्हीकडे सामाईक काय? कोडचे २० आणि डिझाइनचे १५, मिळून ३५ टक्के. निम्म्याहून कमी, म्हणजे नोकरी वेगळी.

आता तोच माणूस ‘सीनियर’ झाला, कोड ६० टक्के, डिझाइन २५ आणि नवख्यांना शिकवणं १५. सामाईक भाग ७५ टक्के (कोडचे ६० आणि डिझाइनचे पहिल्याइतके १५). पाटी बदलली, नोकरी तीच.

हे टक्के मनाने लिहायचे नाहीत. मागच्या दोन-तीन महिन्यांचं कॅलेंडर उघडा, जिरामधली (कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) तिकिटं बघा, कोणाच्या रजा तुम्ही मंजूर करता ते बघा. तपासणी आली तर श्रम खातं पदाचं वर्णन, वेळेचे टक्के, संस्थेचा तक्ता आणि पगाराच्या नोंदी मागतं. तक्त्यात तुमच्या नावाखाली एकही माणूस नसेल आणि कागदावर भरतीचे ३० टक्के असतील, तर फाइल तिथेच अडकते.

ईबी-३ आहे. बढतीमुळे ईबी-२ होईल का?

जुन्या परमवर होणार नाही. वर्ग ठरतो तो नोकरीसाठी मागितलेल्या पात्रतेवर. तुमच्याजवळ एमएस असली तरी जागेची अट फक्त पदवीची असेल, तर ती ईबी-३. ईबी-२ साठी जागेलाच मास्टर्स, किंवा पदवी आणि त्यानंतरचा ५ वर्षांचा चढता अनुभव लागला पाहिजे. बढतीनंतरच्या पदाला खरोखर तेवढं लागत असेल, तर नवं परम आणि नवा आय-१४० भरून ईबी-२ मिळते आणि जुनी तारीखही सोबत येते.

नव्या अर्जाची पात्रता नवं परम भरण्याच्या दिवशी पूर्ण असली की झालं. जुन्या तारखेला तुमच्याजवळ पाच वर्षं नव्हती, म्हणून जुनी तारीख नाकारली जात नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

पण आधी विचारा, ईबी-२ कशासाठी हवी? ‘दोन’ ‘तीन’पेक्षा वरचा, हे फक्त आकड्यांत. भारताच्या रांगेत कधी ईबी-२ पुढे असते, कधी ईबी-३. २०२० च्या ऑक्टोबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या दर महिन्याच्या सरकारी पत्रकात, अर्ज भरण्याच्या तक्त्यात भारताची ईबी-३ ची तारीख १ जानेवारी २०१५ होती, तर ईबी-२ ची १५ मे २०११. त्या महिन्यात हजारो लोकांनी ईबी-२ वरून उलटं ईबी-३ मध्ये उतरण्यासाठी धाव घेतली. दोन्ही वर्गांत मंजूर आय-१४० असणं, ही सर्वांत मोकळी स्थिती. केवळ मान म्हणून ईबी-२ मागायची असेल, तर कंपनीचे पैसे आणि आपली दोन वर्षं त्यात घालू नयेत, असं आमचं मत.

याच कंपनीत मिळवलेला अनुभव पाच वर्षांत धरता येतो का?

जास्तीत जास्त फाइली चुकतात त्या इथे. सामान्य नियम असा: ज्या कंपनीने परम भरलं, तिच्याच नोकरीत मिळालेला अनुभव धरत नाहीत. कारण साधं आहे. कंपनीने तुम्हाला कमी अनुभवावर घेतलं आणि शिकवलं, तर तीच सोय तिने अमेरिकी उमेदवारालाही दिली पाहिजे.

पळवाट नव्हे, पण रस्ता असा आहे की आधीचं पद आणि नवं पद वरच्या ५० टक्क्यांच्या कसोटीवर वेगळे असतील, तर आधीच्या पदावरचा अनुभव धरता येतो. वरच्या उदाहरणातला मॅनेजर तीन वर्षांच्या अनुभवावर कंपनीत आला आणि त्याच कंपनीत चार वर्षं डेव्हलपर होता. त्याची सात वर्षं भरतात. ‘सीनियर’ झालेल्याची तीनच.

दुसरी गोष्ट पुण्या-मुंबईकडून आलेल्यांनी नीट वाचावी. नियमात ‘तीच कंपनी’ म्हणजे ज्याचा अमेरिकेतला करओळख क्रमांक तोच आहे, ती. हिंजवडीतली भारतीय कंपनी आणि न्यू जर्सीतली तिची अमेरिकी शाखा वेगवेगळ्या कायदेशीर संस्था असतील, तर हिंजवडीतली वर्षं बाहेरचा अनुभव म्हणून चालतात. एकाच समूहाचं नाव, एकच लोगो, एकच आयडी कार्ड, याने फरक पडत नाही. वकिलाच्या प्रश्नावलीत ‘आधीची कंपनी’ या रकान्यात लोक सवयीने समूहाचं नाव एकदाच लिहितात आणि चार वर्षं गमावतात. पगारपत्रकावर आणि फॉर्म १६ वर जे नाव छापलेलं आहे, ते अक्षरशः तसंच लिहा.

बीएस्सी किंवा बीकॉम तीन वर्षांचं आहे. चालेल?

पदवी आणि पाच वर्षं या वाटेने ईबी-२ साठी बहुधा नाही. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची धरली जाते आणि ‘पदवी’ म्हणजे एकच सलग पदवी. तीन वर्षांचं बीएस्सी आणि वरून एखादा डिप्लोमा जोडून ती होत नाही. ईबी-३ मध्ये मात्र ‘कुशल कामगार’ या उपवर्गात जागा आहे. तिथे दोन वर्षांचा अनुभव किंवा प्रशिक्षण लागतं आणि परममध्ये ‘पदवी किंवा तत्सम’ कसं लिहिलंय, यावर सगळं ठरतं. ते वाक्य परम भरायच्या आधी स्वतः वाचून घ्या. नंतर बदलत नाही.

बीई, बीटेक असेल तर हा प्रश्न येत नाही.

जुन्या कंपनीचं अनुभवपत्र कसं असावं?

लेटरहेडवर, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, तुमचं पद, नोकरीची सुरुवात आणि शेवट तारखेसह, पूर्णवेळ होती हा उल्लेख, आणि केलेल्या कामांचं वर्णन. शेवटची गोष्ट आपल्याकडच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये कधीच नसते. ‘अमुक यांनी तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक समाधानकारक’ एवढ्यावर यूएससीआयएसकडून आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस) ठरलेली.

परममध्ये एखादं कौशल्य अट म्हणून लिहिलं असेल, उदाहरणार्थ ओरॅकल किंवा जावा, तर ते नाव पत्रात दिसलंच पाहिजे. कंपनी बंद पडली असेल किंवा एचआर कामाचं वर्णन द्यायला नकार देत असेल, तर तेव्हाच्या मॅनेजरचं किंवा सहकाऱ्याचं शपथपत्र, सोबत पगारपत्रकं, नेमणूकपत्र, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीचं पासबुक. सहकारी तेव्हा तिथे होता, याचाही पुरावा जोडायचा. तो विसरला जातो.

नोकरी सोडतानाच हे पत्र घ्यावं. दहा वर्षांनी त्या मॅनेजरला शोधत बसण्यापेक्षा शेवटच्या दिवशीचा अर्धा तास स्वस्त.

जुनी प्रायॉरिटी डेट नव्या फाइलला खरंच लागते का? कंपनीने आय-१४० मागे घेतला तर?

लागते. ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ या तिन्हींत मंजूर आय-१४० ची सर्वांत जुनी तारीख पुढच्या कुठल्याही आय-१४० ला वापरता येते, कंपनी वेगळी असली तरी. ती जाते फक्त फसवणूक किंवा खोटी माहिती, परम रद्द होणं, किंवा मंजुरीतच मोठी चूक निघणं, अशा कारणांनी. कंपनीने नुसतं मागे घेतल्याने जात नाही.

१८० दिवसांचा आकडा वेगळ्या गोष्टीसाठी आहे. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाल्यावर कंपनीने मागे घेतला, तरी त्याच्या आधारावर सहा वर्षांपुढची एच-१बी मुदतवाढ मिळत राहते. त्याआधी मागे घेतला तर तारीख राहते, मुदतवाढीचा आधार जातो. १७ जानेवारी २०१७ पासून हे नियमात स्पष्ट आहे. मोठ्या बढतीसाठी दुसऱ्या कंपनीत जाणार असाल, तर हे १८० दिवस कॅलेंडरवर मोजून मगच राजीनामा द्या.

आणि आय-१४० च्या मंजुरीची नोटीस, आय-७९७, आपल्याकडे ठेवा. काही कंपन्या ती देत नाहीत. निदान पावती क्रमांक तरी मागून घ्या.

नवं परम नाकारलं गेलं तर जुनंही जाईल का?

नाही. दोन वेगळ्या फाइली आहेत.

मॅनेजर झालो. आता ईबी-१सी मध्ये जाता येईल का?

हा प्रश्न एल-१ वर आलेले सगळे विचारतात आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही. ईबी-१सी हा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मॅनेजरांचा वर्ग. तिला परम लागत नाही, तिची रांगही भारतासाठी बरीच छोटी, म्हणून ओढ साहजिक आहे. पण अट दोन्ही टोकांना आहे. अमेरिकेतलं पद व्यवस्थापकीय हवं, आणि अमेरिकेत येण्याआधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष त्याच समूहाच्या परदेशातल्या कंपनीत केलेलं कामही व्यवस्थापकीय हवं. तुम्ही पुण्यात डेव्हलपर होता, एल-१बी वर (खास ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याचा व्हिसा) आलात आणि इथे मॅनेजर झालात, तर दुसरी अट पूर्ण होत नाही. अमेरिकेतली बढती ती भरून काढत नाही.

काही जण मग एक वर्ष भारतात मॅनेजर म्हणून परत जातात आणि एल-१ए वर (मॅनेजरचा व्हिसा) येऊन ईबी-१सी भरतात. कायद्याने हे चालतं, पण ते वर्ष सलग भारतातल्या कंपनीच्या पगारावर हवं. मधल्या अमेरिकेच्या फेऱ्यांचे दिवस त्यात धरत नाहीत. आणि भारतातलं ते पद खरं असावं. तीन जणांच्या टीमवर ‘व्हाइस प्रेसिडेंट’ ही पाटी वाचून अधिकारी हसतो.

पहिल्या फळीचा सुपरवायझर व्यवस्थापक धरत नाहीत, पण हाताखालचे लोक पदवीधर व्यावसायिक असतील तर धरतात. सॉफ्टवेअरमध्ये ते असतातच. त्यांच्या भरती-बढतीची शिफारस करण्याचा अधिकार तुम्हाला असल्याचं कागदावर दिसलं पाहिजे. माणसांऐवजी एखादं महत्त्वाचं काम सांभाळणारा ‘फंक्शन मॅनेजर’ही चालतो, पण त्याची फाइल लिहिणं किचकट असतं.

मंजूर झाली तर जुन्या ईबी-२ किंवा ईबी-३ ची तारीख ईबी-१ लाही लागते. बहुतेकांच्या बाबतीत त्या तारखेने रांगच संपते.

बढतीनंतर एच-१बी ची अमेंडमेंट, म्हणजे बदलाचा अर्ज, करावी लागते का?

पगार वाढला, नावापुढे ‘सीनियर’ लागलं, काम तेच, तर नाही. काम इतकं बदललं की एसओसी कोड (व्यवसायाचा सरकारी क्रमांक) बदलतो, उदाहरणार्थ सॉफ्टवेअर डेव्हलपर १५-१२५२ वरून कॉम्प्युटर अँड इन्फर्मेशन सिस्टिम्स मॅनेजर ११-३०२१, तर हो, आणि नव्या कामाला हात घालायच्या आधी. अर्ज दाखल झाला की नवं काम सुरू करता येतं. मंजुरीची वाट पाहायला लागत नाही. दुसऱ्या महानगर क्षेत्रात बदली झाली तरी अमेंडमेंट लागते. सिमिओ या कंपनीच्या प्रकरणातल्या २०१५ च्या निर्णयापासून यात शंका उरलेली नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर लावलेल्या १ लाख डॉलरची भीती इथे अनाठायी आहे. अमेरिकेत राहून मागितलेल्या आणि मंजूर झालेल्या अमेंडमेंटला किंवा मुदतवाढीला ती रक्कम लागत नाही, हे यूएससीआयएसने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं.

आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, भरून झाला आहे. आता बढती?

१८० दिवस झाले असतील तर निवांत घ्या. आय-४८५ प्रलंबित असताना १८० दिवस पूर्ण झाले, की ‘त्याच किंवा तत्सम’ व्यवसायातल्या नोकरीत जाता येतं, त्याच कंपनीत किंवा दुसऱ्या. त्यासाठी सप्लिमेंट जे हा नोकरीच्या प्रस्तावाचा फॉर्म भरतात. पगार आणि गाव बदललं तरी चालतं.

‘तत्सम’ ठरवताना एसओसी कोड बघतात, पण कोड वेगळा म्हणजे नकार, असं नाही. ज्या कामासाठी फाइल होती, त्याच कामाच्या लोकांवर देखरेख करायला तुम्हाला बसवलं असेल, तर ती करिअरमधली नैसर्गिक पायरी धरतात. डेव्हलपरचा इंजिनीअरिंग मॅनेजर झाला, हे समजावून सांगता येतं. डेव्हलपरचा सेल्स डायरेक्टर झाला, तर अवघड. सप्लिमेंट जे बरोबर कंपनीचं एक सविस्तर पत्र जोडा आणि त्यात जुन्या-नव्या कामाचा धागा ओळीओळीने दाखवा. बढती म्हटल्यावर पगार वाढणारच. तो वाढला म्हणून फाइल बिघडत नाही.

१८० दिवस व्हायच्या आत बढती आली, तर मूळ नोकरीचा प्रस्ताव कायम असल्याचं कंपनीने लिहून देणं, किंवा बढतीची तारीख पुढे ढकलणं, हे दोन पर्याय. दुसरा जास्त सुरक्षित. एच-१बी सोडून ईएडीवर (आय-४८५ सोबत मिळणारा कामाचा परवाना) काम करत असाल, तर अमेंडमेंटचा प्रश्नच येत नाही.

आय-४८५ ईबी-३ वर भरलाय आणि आता नवा ईबी-२ मंजूर झाला. नवा आय-४८५ भरायचा?

नाही. लेखी विनंती करून त्याच अर्जाचा आधार बदलून घेतात. लोक याला इंटरफाइल म्हणतात. त्यावेळी नव्या वर्गात तुमची तारीख करंट, म्हणजे नंबर लागलेली, हवी आणि सोबत सप्लिमेंट जे लागतो. विनंतीसाठीचा पत्ता यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर दिलेला असतो, नेहमीच्या आय-४८५ च्या पत्त्यावर पाठवू नका. उलट दिशेने, म्हणजे ईबी-२ च्या परमवर ईबी-३ चा आय-१४० भरायचा असेल, तर तेच जुनं परम चालतं. त्याची १८० दिवसांची मुदत आधीच वापरली गेलेली असते.

बढतीनंतर मीच टीमची भरती करतो. माझ्या परमच्या जाहिरातीला आलेले अर्ज मीच बघू का?

अजिबात नाही. स्वतःच्या परममध्ये उमेदवारांची छाननी, मुलाखत, निवड यात तुमचा हात दिसला, तर परम नाकारलं जातं. ती जागा तुमच्या हाताखालची वाटली तरी नाही. दोन रविवारच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती, राज्याच्या रोजगार खात्याकडे ३० दिवसांची नोंद, कार्यालयात कामकाजाचे सलग १० दिवस लावलेली सूचना, व्यावसायिक पदासाठीचे आणखी तीन मार्ग, हे सगळं दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचं. त्यांच्या ईमेलमध्ये तुम्ही सीसीतही नको.

हाच काळ कंपनीत कपातीचा असेल, तर आणखी एक अडथळा. मागच्या सहा महिन्यांत त्याच भागात त्याच किंवा संबंधित व्यवसायातल्या लोकांना काढलं असेल, तर कंपनीने आधी त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. म्हणून मोठ्या कपातीनंतर कंपन्या परम गोठवतात. तुमच्यावर कोणी रागावलेलं नसतं.

नव्या परमचा खर्च माझ्याकडून मागितला तर?

परमचा वकील, जाहिराती, कशाचाही खर्च कंपनी तुमच्याकडून घेऊ शकत नाही, पगारातून कापूनही नाही. आय-१४० आणि आय-४८५ ची गोष्ट वेगळी; आय-४८५ ची फी बरेच जण स्वतः भरतात.

पगार परममधल्या आकड्यापेक्षा बराच वर गेला. अडचण?

उलट सोय. परममधला पगार देण्याची ऐपत कंपनीने प्रायॉरिटी डेटपासून दाखवायची असते आणि तुमच्या डब्ल्यू-२ वर (वर्षभराच्या पगाराचा अमेरिकी दाखला) त्याहून जास्त आकडा असला की पुरावा तयारच. आकडा कमी असणं धोक्याचं.

मुलगा १९ वर्षांचा आहे. नवी फाइल करू की थांबू?

मुलाला तुमच्यासोबत ग्रीन कार्ड मिळावं म्हणून त्याचं वय २१ च्या आत धरण्यासाठी, रांगेत नंबर लागला त्या दिवशीच्या वयातून आय-१४० प्रलंबित होता तेवढे दिवस वजा करतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून नंबर लागल्याचा दिवस बुलेटिनमधल्या अंतिम कारवाईच्या, म्हणजे ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देण्याच्या, तक्त्यावरून धरतात, अर्ज भरण्याच्या तक्त्यावरून नाही. म्हणजे लवकर अर्ज भरता आला तरी वय गोठलं असं नाही. गंमत अशी की प्रीमियमने आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर झाला, तर वजा करायला दिवसच उरत नाहीत. मूल २१ च्या उंबरठ्यावर असेल, तर प्रीमियम घ्यायच्या आधी वकिलाकडून हा हिशेब कागदावर करून घ्या.

पत्नीचा जन्म मस्कतचा आहे. याचा काही उपयोग?

मोठा. रांग जन्माच्या देशावर ठरते, पासपोर्टवर नाही, आणि नवरा-बायको एकत्र अर्ज करत असतील तर दोघांपैकी ज्याचा देश सोयीचा, तो धरता येतो. वडील आखाती देशात नोकरीला असताना तिथे जन्मलेल्या मुली-मुलांची संख्या कोकणात आणि गोव्यात कमी नाही. अशा घरात ईबी-२ किंवा ईबी-३ ची तारीख भारताच्या रकान्यातून उठून ‘इतर सर्व देश’ या रकान्यात जाते. तसं असेल तर बढतीनंतर वर्ग बदलण्याची खटपट करायच्या आधी मस्कतच्या सरकारी जन्मदाखल्याची प्रत मागवा.